गाण्याच्या बाईंच्या नावाने मुलांच्या कॅन्सरसाठी मदत करायची आहे. इंदूरहून कुठे आणि कशी द्यावी?

पेटी_रामबाग

नमस्कार. एका कामात सल्ला हवा आहे. ज्यांनी लहान मुलांचं हे दुखणं जवळून पाहिलंय, किंवा अशा संस्थांचं काम ज्यांना आतून माहीत आहे, त्यांनी जरूर लिहावं.

आमच्या गाण्याच्या बाई गेल्या वर्षी वारल्या. रामबागेत त्यांच्या घरी रोज संध्याकाळी आम्ही गल्लीतली पोरं सतरंजीवर बसायचो. आधी शुभंकरोती, मग अलंकार, मग ज्याचा त्याचा राग. बाईंनी फी कधीच घेतली नाही. दाराशी एक पितळी डबा असे, ज्याला जमेल त्याने जमेल ते टाकावं. त्यातून तबलजींची बिदागी जायची आणि वर्षाकाठी पेटी दुरुस्तीला जायची. माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मला त्या डब्याजवळून रिकाम्या हाताने आत जायची लाज वाटायला लागली आणि मी जाणं सोडलं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. आईशी काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "डब्यात कोण काय टाकतं ते मी बघत नाही. तुझा गंधार कुठे लागतो ते बघते. उद्या ये."

मी गांधर्वच्या प्रवेशिका परीक्षेपुढे गेले नाही. बँकेत नोकरी केली, घरची आजारपणं काढली, मुलं मोठी केली. पण आजही सकाळी दार लावून वीस मिनिटं भूप म्हटला की दिवसाला सामोरं जाता येतं. हे मला त्या घराने दिलं आणि तेही फुकट दिलं. आमच्यातल्या प्रत्येकाचं असंच काहीतरी आहे.

बाईंच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आम्ही जुने विद्यार्थी फोनवरून एकत्र आलो. चाळीसेक जण असू. इंदूर, पुणे, भोपाळ आणि दोघं अमेरिकेत. सगळ्यांनी मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास द्यायचं कबूल केलंय. पैसा लहान मुलांच्या कॅन्सरसाठी जावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि निम्म्याहून जास्त जणांचीही. पुढे मात्र एकमत होत नाही. एक जण म्हणतो, मोबाइलवर आजारी मुलांचे फोटो घेऊन मदतीची आवाहनं येतात, त्यातलं एक मूल निवडून सगळं त्यालाच देऊ. दुसरी म्हणते, जाल सभागृहात तिकीट लावून कार्यक्रम करू आणि रक्कम दुप्पट करू. तिसऱ्याला वाटतं की इंदूरच्या बाहेर पैसा जाऊच नये.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या रकमेचा सर्वांत खरा उपयोग कुठे होईल? आणि पैशाबरोबर आम्हाला गाण्यातूनही या मुलांसाठी काही करता येईल का, की ती फक्त आमची हौस ठरेल?

हिशोबनीस_तिलकनगर

ताई, आधी हिशोबाचं सांगतो, कारण चांगल्या कामांमध्ये भांडणं तिथूनच सुरू होतात.

सगळ्यांचे पैसे तुमच्या किंवा कुणा एकाच्या खात्यात गोळा करू नका. पुढे पावती कुणाच्या नावाने, हा प्रश्न येतो, आणि रक्कम तुमच्या खात्यातून फिरली म्हणून उत्तरंही तुम्हालाच द्यावी लागतात. संस्था एक ठरवा आणि प्रत्येकाने आपापला पॅन देऊन थेट संस्थेच्या खात्यात रक्कम भरा. देणगीवरची करसवलत (८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख देऊ नका, ती ग्राह्य धरत नाहीत. ही सवलतही जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच मिळते. नवी घेतलेल्यांनी त्या आशेवर देऊ नये, मनापासून द्यावं. अमेरिकेतल्या दोघांपैकी कुणी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचा पैसा कायद्याने परदेशी देणगी होतो. ती देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते, आणि तीसुद्धा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. पासपोर्ट भारतीय असेल तर ही अडचण नाही.

मोबाइलवरच्या आवाहनांबद्दल. सगळी खोटी नसतात. पण फोटो बघून मूल निवडू नका. एखाद्या मुलालाच द्यायचं असेल तर रुग्णालयाचं खर्चाचं पत्र मागा, केस नंबर घ्या आणि पैसे रुग्णालयातल्या त्याच्या खात्यावर भरा. मधल्या कुणाच्या क्रमांकावर नाही. जो नातेवाईक यावर चिडतो, त्याच्यापासून सांभाळा.

तानपुरा_ग्वाल्हेर

माझं मत थोडं निराळं आहे, राग मानू नका. गाण्याचं ऋण गाण्यातच फेडावं.

आमच्या ग्वाल्हेरला १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या देखरेखीखाली माधव संगीत महाविद्यालय निघालं. राजे होते, त्यांनी केलं. तुमच्या बाईंसारखं घराच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांना सूर देणाऱ्या माणसाला मात्र ना राजाने काही दिलं ना सरकारने. अशी माणसं आता संपत चालली आहेत. सव्वादोन लाखांत दोन गरीब मुलांची चार-पाच वर्षांची तालीम होईल, एक बरा तानपुरा येईल. कॅन्सरसाठी मुंबईचं टाटा रुग्णालय आहे, सरकार आहे, मोठे दाते आहेत. गाणं शिकवणाऱ्या बाईंसाठी तुम्हीच आहात. बाईंना काय आवडलं असतं, याचा विचार करा.

पेटी_रामबाग

दादा, राग कसला. हे मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं. बाईंना काय आवडलं असतं हे मला माहीत आहे म्हणूनच हा हट्ट आहे, आणि ते वरती लिहायला हवं होतं असं आता वाटतंय.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचा आवाज असा की बाई त्याला शेवटी गायला लावायच्या, कारण त्याच्यानंतर कुणाला गावंसं वाटत नसे. १९८८-८९ चा सुमार असेल. त्याला सारखा ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग दिसायला लागले, तो पांढरा पडत गेला. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईला न्यायला सांगितलं. ब्लड कॅन्सर. आमच्या आयांनी तो शब्द आमच्यासमोर उच्चारला नाही, पण आम्हाला कळला होता.

जाण्याआधी बाई रोज त्याच्या घरी जाऊन बसायच्या. त्या कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, भक्त होत्या, देवासला त्यांना ऐकायला एसटीने जायच्या. त्या त्याला सांगायच्या की कुमारजी १९४८ साली क्षय घेऊन देवासला आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, वर्षानुवर्षं खाटेवर पडून नुसतं ऐकत राहिले, आणि मग उठून गायले ते असं गायले. "तूही आता नुसतं ऐक. गायचं नंतर बघू." त्यांनी शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आम्हा सगळ्यांना एकेक गाणं म्हणायला लावून त्याच्यासाठी कॅसेट भरली. मी म्हटलेल्या सरगमगीतात मध्येच कुकरची शिट्टी वाजली होती. बाईंनी ती तशीच राहू दिली. म्हणाल्या, घरचा आवाज आहे, त्याला बरं वाटेल.

औषध त्याला लागू पडत होतं. त्याचे वडील पत्रात तसं लिहायचे. पण उपचार लांबणारे होते आणि मुंबईत राहायला जागा नव्हती. नातेवाइकांकडे किती दिवस राहणार? मग लॉज, मग रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ. आईचे दागिने गेले, वडिलांची नोकरी जायची वेळ आली. मुलगा खेळायला लागला होता, चेहरा भरला होता, तेव्हा बाकीचं इंदूरला बघू म्हणून ते त्याला घेऊन परतले. काही महिन्यांनी आजार उलटला. तो गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता.

बाई त्याबद्दल क्वचित बोलायच्या. बोलल्या की एकच म्हणायच्या: "पोर आजाराने नाही गेलं, भाड्याने गेलं." दादा, मला त्या भाड्याचे पैसे भरायचे आहेत.

अवंतिका_स्लीपर

ताई, तुमचं वाचून दुकानात बसल्या बसल्या डोळे भरले. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं सियागंजात छोटं दुकान आहे. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी हाच आजार झाला होता. आता ती बारावीत आहे, ठणठणीत आहे. त्यामुळे पैसा कुठे लागतो ते मी सांगू शकतो.

इंदुरात रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी आम्ही अवंतिका एक्स्प्रेसने निघालो. पहाटे मुंबई सेंट्रल, तिथून परळ. टाटात उपचाराचा बराचसा खर्च सांभाळला गेला. सरकारी योजना होती, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी दोन ट्रस्टची पत्रं करून दिली. औषधाला पैसे कमी पडले म्हणून आमचा एकही दिवस चुकला नाही. जीव टांगणीला लागला तो बाकीच्या गोष्टींत.

पहिली गोष्ट जागा. केमोने मुलांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. तेव्हा बाहेरचं खाणं नाही, शिळं नाही, न उकळलेलं पाणी नाही, गर्दी नाही. लॉजच्या खोलीत हे कसं जमणार? तिथे शेगडी पेटवू देत नाहीत. म्हणजे मुलीसाठी भात शिजवायचीसुद्धा सोय नाही. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, पण रांग मोठी. आम्हाला पुढे सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रात खोली मिळाली. ही संस्था २००६ पासून मुंबईत कॅन्सरच्या मुलांना आईबापांसह मोफत ठेवून घेते. स्वच्छ खोली, स्वयंपाकघर, शिधा आणि तिथली सगळी मुलं एकाच वाटेवरची. माझी बायको तिथे गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडली आणि मग शांत झोपली. तोपर्यंत तिला रडायलाही जागा नव्हती.

दुसरी गोष्ट रोजी. मी पंधरवड्यातून एकदा इंदूरला येऊन दुकान उघडायचो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं नाही आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, हे मला फार उशिरा कळलं. पण मी एकटा ये-जा करायचो ते पूर्ण भाड्यानेच. लहान मुलगा आजीकडे होता, तो बोलेनासा झाला होता. त्याची फी, त्याचे बूट, हे कुठल्या योजनेत बसवणार?

तिसरी गोष्ट इंदूरची. तुमच्यातले जे म्हणतात की पैसा इथेच राहावा, त्यांचंही बरोबर आहे. सुरुवातीचा कठीण भाग झाल्यावर आम्ही इथे येऊन गोळ्या चालू ठेवल्या. तेव्हा रात्री दोनला ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, तासाभरात रुग्णालय गाठावं लागतं. प्लेटलेट लागल्या तर त्या साठवून ठेवता येत नाहीत, पाचच दिवस टिकतात. म्हणजे देणारा माणूस त्या त्या वेळी हवा. इंदुरात तुम्ही पंचवीस जण असाल, तर पैशाहून मोठी गोष्ट तुमच्या दंडात आहे. मी आजही यादीत आहे, फोन आला की दुकान नोकरावर सोडून जातो.

लोक खूप प्रेमाने खेळणी पाठवतात. केसाळ अस्वलं, बिस्किटांचे पुडे, फळांच्या करंड्या. मुलीला त्यातलं काहीच हातात देता येत नव्हतं. तिला बघू देऊन मग बाजूला ठेवायचं, हे आईबापाला फार जड जातं. म्हणून पाठवण्याआधी विचारा.

गाण्याचंही सांगतो. माझी आई इंदूरहून रोज रात्री फोनवर तिला अंगाईगीत म्हणायची. मी ते फोनमध्ये भरून ठेवलं. सुई टोचायच्या दिवशी ती तेच लावायला सांगायची. नवीन गाणी बरीच दिली तिला, पण तिला तेच हवं असायचं, आजीच्या खोकल्यासकट. त्यामुळे तुमच्या कुकरच्या शिट्टीचं मला लगेच पटलं.

सूरसागर_वडोदरा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वडोदऱ्याला असते. लहानपणी सूरसागर तलावापाशी, १८८६ साली मौलाबक्षांनी उभ्या केलेल्या गायनशाळेच्या पुढच्या अवतारात, चार वर्षं गाणं शिकले. त्यामुळे हा धागा दोन्ही बाजूंनी माझा आहे.

ताई, तुमच्या बाईंचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे. मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर म्हणजे एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). त्यासाठी १९८४ पासून टाटा, चेन्नईची अड्यारची संस्था आणि दिल्लीची एम्स यांनी एमसीपी-८४१ नावाची ठरीव उपचारपद्धत वापरायला सुरुवात केली होती. म्हणजे तुमचा मित्र आजारी पडला तेव्हा मुंबईत त्याच्यासाठी औषध होतं. त्यातलं एक महत्त्वाचं औषध, व्हिन्क्रिस्टिन, सदाफुलीपासून मिळतं. तुमच्या-माझ्या अंगणातली, कुणी न लावता उगवणारी सदाफुली.

पण या उपचाराला दोन ते तीन वर्षं लागतात. पहिल्या महिना-दीड महिन्यातच रक्त बहुतेक वेळा स्वच्छ दिसू लागतं, मूल हसू-खेळू लागतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. आजार डोळ्यांना दिसत नाही तेवढा उरलेला असतो आणि तो संपवायला पुढचा सगळा काळ औषधं चालू ठेवावी लागतात. पैसे संपलेले, घरी दुसरं मूल वाट बघतंय, आणि हे मूल तर बरं दिसतंय. आईबाप परत जातात ते बेफिकीर असतात म्हणून नव्हे. माझ्यापुढे बसलेल्या कुठल्याही बापाला मी त्यासाठी कधी बोल लावलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. निदान उशिरा होणं, औषधं न मिळणं आणि उपचार अर्धवट सुटणं ही त्यामागची मोठी कारणं. शेवटचं कारण तुमच्यासारख्यांच्या हातात आहे. टाटाच्या बालविभागाचं इम्पॅक्ट फाउंडेशन याच कामासाठी आहे. उपचाराच्या पैशांबरोबर राहणं, जेवण, शाळा, समुपदेशन, आणि तारखेला न आलेल्या कुटुंबाला फोन करून परत बोलावणं. पोषणाचं काम कडल्स फाउंडेशन करतं. अवंतिकादादांनी सांगितलेलं सेंट ज्यूड इंडिया निवाऱ्याचं. तिन्ही कामं खरी आहेत. तुमच्या मित्राची गोष्ट वाचून मी निवाऱ्याला देईन.

आता गाण्याबद्दल. ती हौस ठरणार नाही. व्हिएतनाममधल्या हनोईत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला नेहमी आठवतो. ल्युकेमिया असलेली ७ ते १२ वर्षांची ४० मुलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढायच्या वेळी सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. वीस जणांना संगीत ऐकू येत होतं, वीस जणांना काहीच नाही. संगीत ऐकणाऱ्या मुलांना वेदना कमी झाल्या आणि भीतीही कमी वाटली. चाळीसच मुलं होती, तेव्हा त्यावर मोठे दावे करू नयेत. पण ज्याने ते मणक्याचं इंजेक्शन दिलंय, त्याला एवढंही पुष्कळ वाटतं.

मात्र वॉर्डात पेटी-तबला घेऊन पन्नास माणसांनी जाणं नको. सर्दी-खोकल्याचं एक माणूससुद्धा तिथे धोका ठरू शकतं. रेकॉर्डिंग करा. एक गाणं तीन-चार मिनिटांचं, सुरुवातीला मोठा वाद्यमेळ नको, आवाज एकट्याचा आणि जवळून. आणि एक गोष्ट मनावर घ्या: मुंबईला येणारी ही मुलं बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेली असतात. आपली मराठी बालगीतं आपल्याला कितीही प्यारी असली तरी त्यांना त्यांच्या आजीचा आवाज हवा. तुम्ही इंदूरचे, हिंदी तर तुमच्या घरातच आहे. माळवीतही म्हणा. भोजपुरी, बंगालीसाठी ओळखीतलं कुणी शोधा. आणि कुणाला काय ऐकवायचं हे तिथल्या ताईंना ठरवू द्या. काही मुलांना शांतताच हवी असते.

तानपुरा_ग्वाल्हेर

ताई, मी माझं म्हणणं मागे घेतो. "भाड्याने गेलं" हे वाचल्यावर तानपुऱ्याबद्दल बोलवत नाही.

कार्यक्रमाबद्दल मात्र दोन शब्द, कारण आयुष्यभर कार्यक्रमच केले आहेत. जाल सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, छपाई, पाहुण्यांचे हारतुरे, आणि फिल्मी गाणी म्हणणार असाल तर गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस संस्थेचा परवाना. हे सगळं वजा जाता तिकिटाचे पैसे अनेकदा हाती फारसे उरत नाहीत. तुमच्याच गावच्या पलक मुछालने गाऊन पैसा उभा करायचा रस्ता दाखवलाय. कारगिलच्या वेळी सात वर्षांची असताना ती इंदूरच्या दुकानांपुढे गायली, पुढे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी गात राहिली, आणि आज त्या शस्त्रक्रियांची संख्या ३ हजारांच्या वर गेली आहे. पण सुरुवात बघा. ना सभागृह ना तिकीट. एक मुलगी आणि समोर एक ताटली. तुम्हीही कुणाच्या तरी मोठ्या दिवाणखान्यात बैठक करा.

आणि आजारी मुलाला मंचावर आणू नका, त्याचा फोटोही लावू नका. १९४८ च्या मे महिन्यात बॉस्टनच्या रुग्णालयातून अमेरिकेत रेडिओवर असाच एक कार्यक्रम झाला होता. डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे उपचार घेणारा बारा वर्षांचा मुलगा, त्याच्या खोलीत त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू आले, सगळे मिळून गायले. देशभरातून २ लाख ३१ हजार डॉलरांहून जास्त जमले, आणि त्यातून उभा राहिलेला निधी आजही चालू आहे. एवढं होऊनही त्या मुलाचं खरं नाव कुणी सांगितलं नाही. 'जिमी' म्हणून त्याला ओळखलं गेलं आणि तो बरा होऊन आजोबा होईपर्यंत ते नाव त्याचंच राहिलं. आपल्याकडे मदतीच्या नावाखाली मुलांचे टक्कल पडलेले फोटो घरोघर फिरतात. ती मुलं उद्या मोठी होणार आहेत, त्यांचीही लग्नं ठरायची आहेत.

पेटी_रामबाग

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. हे सगळं मी आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. भोपाळच्या मैत्रिणीने फोन ठेवला आणि तासाभराने परत केला.

ठरलं ते असं. रक्कम मुंबईच्या निवाऱ्याला जाईल, प्रत्येकाने आपापल्या पॅनवर, बाईंच्या स्मरणार्थ. तीही एकदाच देऊन मोकळं व्हायचं नाही. दरवर्षी श्रावणात, बाईंच्या तिथीला द्यायचं. ज्यांना मोठी रक्कम जमत नाही त्यांनी पाचशे द्यावेत आणि कुणी कुणाचा आकडा विचारायचा नाही. अमेरिकेतल्या दोघांपैकी एकीचा पासपोर्ट भारतीय आहे. दुसरा संस्थेकडे त्या वेगळ्या खात्याची चौकशी करतोय.

तिकिटाचा कार्यक्रम रद्द. राजेंद्रनगरला एकीच्या गच्चीवर बैठक करू. बाईंना आवडणारे राग क्रमाने, संध्याकाळी यमनपासून.

अवंतिकादादा, इंदूरच्या सव्वीस जणांपैकी वय आणि वजनात बसणाऱ्या अकरा जणांनी प्लेटलेटसाठी नावं दिली आहेत. मला मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे म्हणून मला घेणार नाहीत. मी फोन करायचं काम घेतलंय. तुमच्या यादीत आमची नावं कुणाकडे द्यायची ते कळवा. आणि एक विचारते. तुमच्या धाकट्यासारखी मागे राहिलेली जी भावंडं असतात, त्यांना संध्याकाळी आमच्याकडे गाण्याला पाठवतील का लोक? राजेंद्रनगरला आमच्यातली एक जण अजून शिकवते. तिने आपणहून विचारलंय. फीचा प्रश्नच नाही.

डॉक्टरताई, रेकॉर्डिंगला या रविवारी सुरुवात करतो. पाच हिंदी, तीन माळवी, दोन मराठी. भोजपुरीसाठी आमच्या कॉलनीतल्या रखवालदाराच्या पत्नीला विचारलं, त्या लगेच तयार झाल्या. त्यांचा आवाज ऐकून आम्ही सगळ्या गप्पच झालो. रेकॉर्डिंग पाठवण्याआधी तुम्हाला ऐकवले तर चालेल का? कुठे फार मोठ्याने आहे, कुठे लांबलंय, हे तुम्हीच सांगू शकाल.

हिशोबनीस काका, एक शेवटचं. पावतीवर बाईंचं नाव यायला काही वेगळं पत्र द्यावं लागतं का?

सूरसागर_वडोदरा

जरूर पाठवा. भोजपुरी आधी.

अवंतिका_स्लीपर

ताई, भावंडांचं विचारलंत, याचं काय सांगू. माझ्या माहितीतली चार घरं सध्या इंदुरात आहेत. त्यांना विचारून तुम्हाला वैयक्तिक निरोप करतो, इथे नावं नको. प्लेटलेटची यादी एमवाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत नेऊन देऊ, मी बरोबर येतो. सोमवारी सकाळी दहानंतर या, तेव्हा गर्दी कमी असते.

हिशोबनीस_तिलकनगर

वेगळं पत्र लागत नाही. देणगी भरताना "स्मरणार्थ" असा रकाना असला तर तिथे लिहा, नसेल तर संस्थेला ईमेल करा. करसवलतीचं प्रमाणपत्र मात्र ज्याच्या पॅनवर पैसे गेले त्याच्याच नावाने येईल. ते प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १०बीई, तो मागून घ्यायला सगळ्यांना आठवण करा. आणि बैठकीला मला बोलवा, पाचशे माझेही.